साठ तासांचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे महाविद्यालयातून एखादा नवा शब्द घरी नेला की त्याची जकात मलाच भरावी लागते. पहिल्या वर्षी 'सेमिस्टर' या शब्दाची भरली, यंदा 'श्रेयांक' या शब्दाची. जुलै महिन्यात एका रात्री जेवताना मी बाबांना सांगितले, "या वर्षी मला खाडीवर जाऊन साठ तास काम करायचे आहे. त्याचे दोन श्रेयांक मिळतील."

बाबा रिक्षा चालवतात. त्यांनी हिशेबी माणसासारखे विचारले, "दोन म्हणजे किती?"

मी म्हटले, "पैसे नाहीत बाबा, श्रेयांक. ते बँकेत जमा होतात."

बँकेचे नाव ऐकून आईने मणी ओवायचे थांबवले. ती घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांचे काम करते. मग मला सगळे उलगडून सांगावे लागले. देशात 2020 साली नवे शैक्षणिक धोरण आले. 2021 पासून श्रेयांकांची एक बँक निघाली. तिच्यात विद्यार्थ्याच्या नावाचे खाते असते, पण त्यात रुपये नसतात, त्याने शिकलेले तास असतात. आमच्या विद्यापीठातील महाविद्यालयांत हे धोरण 2024-25 या वर्षी लागू झाले, म्हणजे आमचीच तुकडी पहिली. तीस तासांच्या कामाला एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला असे 132 लागतात. ते सगळे वर्गात बसून मिळवायचे नसतात. काही बाहेर पडून, लोकांत, शेतात, प्रयोगशाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करून मिळवायचे असतात.

बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे काम करायचे, पण मजुरी नाही." आणि हात धुवायला उठले. कोपऱ्यात बसलेली आजी मात्र एवढेच म्हणाली, "खारीवर कवा जानार? तिथी बघून जा गो."

मित्रमैत्रिणींनो, आजीचे हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतले नाही. पुढे मला ते फार महाग पडले. ती गोष्टच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी कला शाखेची. माझा विषय भूगोल. तरीही वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी त्यांच्या क्षेत्र-प्रकल्पात कला शाखेच्या दोघांना घेतले. त्यांचे म्हणणे असे की, खाडी ही जशी जीवशास्त्राची तशी भूगोलाचीही. काम बाहेरच्या एका संस्थेच्या मार्गदर्शनाखाली होणार होते आणि वनखात्याची परवानगी त्या संस्थेनेच काढली होती. आमचे काम म्हणजे भाईंदरच्या खाडीकाठच्या कांदळवनाचा एक छोटासा तुकडा वर्षभर पाहणे आणि मोजणे. साठ तासांची वाटणी अशी होती : शिकवणीचे 8 तास, प्रत्येकी तीन तासांच्या 12 खेपा, म्हणजे 36 तास आणि आकडे मांडून अहवाल लिहिण्याचे 16 तास.

आम्ही गोडदेवचे. आज जो भाईंदर पूर्वेच्या गर्दीतून गोडदेव नाक्यावर उतरतो त्याला हे एक गाव होते असे सांगून पटणार नाही. चहूबाजूंनी इमारती, स्टीलच्या भांड्यांचे गाळे, दुकानांच्या पाट्या. पण गोडदेव, नवघर, खारी ही सगळी जुनी आगरी गावे. 1985 साली येथील ग्रामपंचायती मोडून नगरपालिका झाली आणि 2002 साली महानगरपालिका. आजी या गावात सून म्हणून आली तेव्हा यातले काहीच नव्हते. होते ते भातशेत, खाजण आणि मिठागर. आम्ही आगरी, आमच्या नावातच आगर आहे. आजीने तिच्या उमेदीची सारी वर्षे मिठागरात काढली. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवीत उन्हाने दाट करायचे, शेवटच्या वाफ्यात मिठाचा थर धरला की तो ओढून ढीग लावायचा आणि पाट्या डोक्यावर घेऊन वाहायच्या. तिच्या पायांच्या टाचांना अजून भेगा आहेत. लहानपणी मला त्या भेगांची लाज वाटत असे. शाळेत पालकसभेला आजी आली की मी तिला मागच्या बाकावर बसवीत असे.

पहिल्या खेपेला आम्ही जेसल पार्कच्या पुढे काठाकाठाने गेलो. समोर रेल्वेचा पूल, पलीकडे नायगावची बाजू आणि मध्ये पाणजू बेट. लोकलमधून हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले होते, पण चिखलात पाय घातला नव्हता. मार्गदर्शक ताईंनी आम्हाला बांधापासून पाण्यापर्यंत एक दोरी ताणायला लावली. त्या दोरीवर ठरावीक अंतरावर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकट ठेवायची. चौकटीत काय काय आहे ते मोजायचे : झाडे किती, कोणत्या जातीची, नवी रोपे किती, जमिनीतून वर आलेली श्वसनमुळे किती, खेकड्यांची बिळे किती. अशा पाच चौकटी.

वाचायला हे सोपे वाटते. पण गुडघाभर चिखलात वाकून श्वसनमुळे मोजणे म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी शेकडो मुळे वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड आपली मुळे वर काढून श्वास घेते. ताईंनी तिवराचे पान उलटे करून चाटायला सांगितले. पान खारट होते. हे झाड खारे पाणी पिते आणि नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबत राहते. मग चिखलात पडून मूळ धरते, नाहीतर पाण्यावर वाहत दुसरीकडे जाऊन रुजते. आईने लेकराला चालता येईपर्यंत कडेवर ठेवावे तसे हे झाड करते. चिप्पीचे झाड आम्हाला आमच्या पट्ट्यात मिळाले नाही, पण पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे ही माहिती मिळाली. आंबा हे राज्यवृक्ष म्हणून शाळेत पाठ केले होते. चिखलातल्या झाडालाही असा मान असतो हे नवे होते.

आणि निवट्या! मासा असून चिखलावर उड्या मारीत फिरणारा हा प्राणी मी बाजारात पाटीत पाहिला होता, खाल्लाही होता. तो ओल्या कातडीतून श्वास घेतो, चिखलात बीळ करून राहतो, हे मात्र येथे कळले. ज्याचा एकच डेंगा भलामोठा असतो तो नर खेकडा तो डेंगा वरखाली हलवीत मादीला बोलावतो, हे पाहून तर आम्ही सगळ्या हसत सुटलो.

घरी येऊन मी हे सगळे आजीला मोठ्या थाटात सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "तिवराचा पाला खारट, म्हनून तर गुरा आवडीनं खातात." मग तिने सांगितले की, त्या काळी आम्ही हीच तिवरे सरपणाला तोडीत असू. मी दचकले. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि 2018 च्या निकालात त्यांच्या रक्षणाची सक्त ताकीद दिली, हे मी नुकतेच टिपून घेतले होते. मी तिला म्हटले, "आजी, तो आता गुन्हा आहे." आजी म्हणाली, "आमी फांदी कापायचू तवा परत फुटायचा. आता वरशी भराव टाकतात. भरावातून कसा फुटल?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नव्हते.

दिवाळीनंतर खेपा नियमित सुरू झाल्या. जोडीला विज्ञान शाखेची एक मुलगी होती. तिला पुढे संशोधनात जायचे आहे, म्हणून तिच्या दृष्टीने हे काम फार महत्त्वाचे. माझ्या दृष्टीने, खरे सांगायचे तर, ते दोन श्रेयांक महत्त्वाचे होते. सकाळी मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेते, दुपारी महाविद्यालय, संध्याकाळी आईला मणी ओवायला मदत. या सगळ्यात रविवारचे तीन तास काढणे जड जात होते. ज्यांना पोटासाठी काम करावे लागते त्यांना हे साठ तास कोठून आणायचे असा प्रश्न पडतो, हे आपल्या प्राध्यापकांनी लक्षात घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दुसरीकडे ओळखीतून कोरे प्रमाणपत्र सही करून आणले. एक दिवसही कामाला न जाता त्याचे तास भरले. तो आम्हाला हसत असे, "चिखलात लोळा तुम्ही!"

आणि मग माघी पौर्णिमेचा रविवार आला.

त्या दिवशी माझ्या चुलतभावाचे लग्न होते. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. शनिवारची रात्र ती कसली, पहाटेपर्यंत बेंजो आणि नाच. रविवारी लग्न. मार्गदर्शक ताईंनी त्या दिवशीची खेप संध्याकाळी लावली होती, नेमकी वरात निघण्याच्या वेळी. मी जोडीदारणीला फोन केला. तिच्या घरीही पाहुणे होते. बोलता बोलता आम्ही दोघींनी ठरवून टाकले की, या खेपेला जायचे नाही. आठवड्यात चिखलात असा काय फरक पडणार?

सोमवारी रात्री मी नोंदवही उघडली. मागच्या रविवारचे पान समोर ठेवले. चौकट पहिली, श्वसनमुळे 112 होती, ती 114 केली. चौकट दुसरी, बिळे 19 होती, ती 18. रोपे दोन ठिकाणी तशीच ठेवली. वेळ लिहिली : सकाळी 11 ते दुपारी 2, मागच्या खेपेसारखीच. खाली माझी सही केली, दुसऱ्या दिवशी जोडीदारणीची घेतली. पंधरा मिनिटांत तीन तास भरले. वही मिटताना मला थोडे वाईट वाटले, पण फार नाही. प्रमाणपत्र विकत आणणाऱ्या त्या मुलापेक्षा आपण बरे, असे मी स्वतःला समजावले.

आजीला मी दर खेपेची नोंद वाचून दाखवीत असे. तिला त्याची गोडी लागली होती. तिला अक्षर येत नाही, पण कोणत्या चौकटीत किती बिळे होती हे तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहत असे. त्या आठवड्यात तिनेच विचारले, "या खेपेचा वाचलास नाय?" मी वही काढली आणि सहज स्वरात वाचू लागले. "माघ शुद्ध पौर्णिमा, सकाळी 11 ते दुपारी 2, ओहोटी, चौकट पहिली..."

आजीने हात वर केला. "क बोललीस? पुनवेला बारा वाजता?"

मी गप्प.

"पुनवेला बारा वाजता खारीन भरती. उधानाचा पानी. तिवरं अर्धी बुडालेली असतात. तू चिखल कुठशी मोजलास?"

तिने मला जवळ बसवले आणि बोटांवर हिशेब करून दाखवला. चार तिथींना तीन तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या, पुनवेला बाराच्या आत-बाहेर. मग पुन्हा पहिल्यापासून. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. मी नंतर कागदावर मांडून पाहिले : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत पाणी यायला थोडा उशीर धरला की झाले बारा. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते असे आमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. पुस्तकातली 50 मिनिटे आणि आजीचा पाऊण तास यांत अंतर किती? पाचच मिनिटांचे! मागच्या रविवारी अष्टमी होती, म्हणून बारा वाजता ओहोटी होती. मी आकड्यांबरोबर वेळही उतरवून घेतली होती आणि तेथेच पकडले गेले होते.

आजी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "मिठागरात मुकादम पाट्या मोजायचा. एक पाटी जास्ती सांगितली तर कोनाला कलायचा नाय. पन ढीग तेवराच राहायचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत जिला मी मागच्या बाकावर बसवीत होते तिने, अक्षरओळख नसताना, माझी लबाडी एका वाक्यात ओळखली होती. मनात भलतेच विचार येत होते. बाईंच्या लक्षात आले नव्हते. ताईंच्याही आले नव्हते. गप्प राहिले तर श्रेयांक मिळणारच होते. पण आमचे आकडे संस्था इतर आकड्यांबरोबर मांडणार होती. पुढे कोणीतरी त्यावरून काही निष्कर्ष काढील. झाडे वाढली म्हणेल किंवा कमी झाली म्हणेल. आणि त्यात माझी 114 मुळे असतील, जी कोणी पाहिलीच नाहीत. बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला सांगितले होते की, मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या कांदळवनांवर नवलकर यांनी 1951 साली लिहिलेला लेख आजही अभ्यासक काढून वाचतात. माझ्या खोट्या नोंदीलाही तेवढेच आयुष्य मिळाले तर?

दुसऱ्या दिवशी मी जोडीदारणीला सांगितले. ती संतापली. "तुला जायचे तर तुझे घालव. सही माझीही आहे!" तिचे बरोबर होते. खरे बोलण्याचा मोठेपणा मी घेणार होते आणि शिक्षा तिलाही होणार होती. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी विभागाच्या दाराशी उभी असताना ती येऊन शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही. आम्ही दोघी आत गेलो.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. थोडा वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी वही मागितली. मी ते पान फाडून टाकण्याच्या तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, "फाडायचे नाही. खोडायचेही नाही. एकच आडवी रेघ मार, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी लिही : ही नोंद प्रत्यक्ष पाहून केलेली नाही. तारीख घाल आणि सही कर." मी लिहिले. हात थरथरत होता. जोडीदारणीनेही सही केली. ते तीन तास वजा झाले, वर आणखी तीन तासांची एक जादा खेप लागली आणि अंतर्गत गुणांत व्हायची ती कपात झाली.

आम्ही निघताना बाईंनी विचारले, "पण तुझ्या लक्षात कसे आले?" मी आजीचा हिशेब सांगितला. बाईंनी लगेच भरती-ओहोटीचे छापील कोष्टक काढले आणि चार-पाच तारखा ताडून पाहिल्या. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने सगळ्या जुळल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीच्या नमुन्यात पेन्सिलीने एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले : तिथी. पुढच्या खेपेपासून आमच्या सगळ्या गटाच्या वहीत तो रकाना आहे. दिनांक चुकीचा पडला तरी पाणी चुकत नाही, हे आता सर्वांना कळले आहे.

जादा खेपेला मी आजीला बरोबर नेले. रिक्षा बाबांनीच आणली, भाडे न घेता. आजी काठावर बांधावर बसली आणि आम्ही दोघी चिखलात उतरलो. पाचवी चौकट पाण्याजवळची. तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा थर साचला होता आणि नवीन रोप एकही नव्हते. बांधाकडच्या स्वच्छ चौकटीत सात होती. पाच चौकटींवरून काही सिद्ध होत नाही, असे ताईंनी अहवालात लिहायला लावले, आणि ते योग्यच आहे. पण मी ते सात आणि शून्य स्वतः वाकून मोजले आहेत. त्या दोन आकड्यांविषयी मला कोणीही विचारावे.

अहवालाच्या अर्जात एक ओळ होती : बाह्य मार्गदर्शकाचे नाव, पदवी, हुद्दा. मला तेथे ताईंच्या नावाखाली आजीचे नाव लिहायचे होते. कार्यालयातून सांगण्यात आले की, पदवीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. नियम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. बाईंनी मला डॉ. सलीम अली यांची गोष्ट सांगितली. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ते लहानपणी एक मेलेली चिमणी घेऊन गेले, ती कोणती हे विचारायला. तेथे त्यांना पक्षी दिसू लागले. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळू शकली नाही. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि त्या निबंधाने त्यांचे नाव झाले. तेथे कोणी त्यांचे तास मोजायला बसले नव्हते. बाई म्हणाल्या, "रकाने उशिरा आखले जातात. पाहणारे आधी पाहून गेलेले असतात." आजीचे नाव शेवटी ऋणनिर्देशात आले, पहिल्या ओळीत.

एका रविवारी दुपारी मी गंमत म्हणून आजीचा हिशेब मांडला. मिठागराचा हंगाम साधारण सात महिन्यांचा. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास धरले तर एका हंगामाचे 1,400 तास. तीन हंगामांचे 4,200. तीसने भागले की 140 श्रेयांक. आम्हाला पदवीला 132 लागतात. म्हणजे आजी तीन हंगामांतच पदवीधर झाली असती, वर आठ श्रेयांक शिल्लक! आणि तिने तर कितीतरी हंगाम काढले. मी हे तिला सांगितले तेव्हा ती खूप हसली. मग म्हणाली, "मना नको तुजी पदवी. तुजे किती ऱ्हायले?"

वार्षिकाच्या संपादकांनी 'प्रेरणादायी अनुभव' लिहायला सांगितले होते. माझा अनुभव तसा प्रेरणादायी नाही. मी खोटी नोंद केली आणि पकडले गेले, एवढाच तो आहे. वर्गाबाहेरच्या शिक्षणाविषयी आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. पण वर्गाबाहेरही माणूस वर्गातल्यासारखी नक्कल करू शकतो, हे मी स्वतः करून पाहिले. फरक एवढाच की, उत्तरपत्रिकेतली नक्कल पर्यवेक्षकाला सापडते किंवा सापडत नाही. खाडीतली नक्कल खाडीलाच सापडते. मात्र खाडीचे वेळापत्रक ज्याला येते तो माणूस आपल्या घरात आहे की नाही, हे आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा माणूस असेल. शेताचा, मागाचा, भट्टीचा, बाजाराचा. त्याला मागच्या बाकावर बसवू नका, एवढीच माझी विनंती.

जोडीदारीण आणि मी अजून पूर्वीसारख्या बोलत नाही. पण त्या जादा खेपेला ती तीन तास माझ्याबरोबर चिखलात उभी राहिली आणि मी मोजलेले आकडे तिने पुन्हा मोजले. दोघींचे जुळले तेव्हाच तिने सही केली.

परवा साठावा तास भरला. घरी येऊन मी आजीला तसे सांगितले. तिने विचारले, "सगले खरे?"

"सगळे खरे," मी म्हटले.

तिने बोटांवर काहीतरी मोजले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, "मंग पाय धुऊन घे. चिखल सुकला की निघत नाय."